रक्तातल्या धुळीचा इतिहास

1946 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात एर्विन चारगाफ आणि रँडॉल्फ वेस्ट हे दोन संशोधक रक्त गोठते कसे याचा अभ्यास करत होते. त्यांनी रक्तातल्या पेशी बाजूला काढल्या. उरलेला पिवळसर द्रव, म्हणजे प्लाझ्मा, त्यांनी एका वेगवान सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवला. हा वेग इतका होता की नळीतल्या प्रत्येक कणावर पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाच्या 31,000 पट जोर पडत होता. फिरवून झाल्यावर वरचा द्रव नेहमीपेक्षा उशिरा गोठू लागला. तळाशी बसलेला थोडासा गाळ परत त्यात मिसळला, तेव्हा तो पुन्हा लवकर गोठला.

याचा अर्थ सरळ होता. पेशी काढून टाकल्यानंतरही प्लाझ्मामध्ये काहीतरी कणरूप शिल्लक होते आणि ते रक्त गोठवण्याच्या कामी येत होते. या गाळात रक्तपेशींचे बारीक तुकडे असू शकतील, अशी शंका दोघांनी आपल्या निबंधात नोंदवली आणि विषय तिथेच थांबला. पुढची वीस वर्षे त्या गाळाकडे फारसे कुणी पाहिले नाही.

आज त्या गाळातल्या कणांना ‘बाह्यपेशीय पुटिका’ म्हणतात. पुटिका म्हणजे पडद्याची इवलीशी पिशवी. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स अशा सगळ्याच रक्तपेशी आपल्या अंगातून अशा पिशव्या सोडत असतात. त्यांचा आकार साधारण 30 नॅनोमीटरपासून 1,000 नॅनोमीटरपर्यंत असतो. तांबडी पेशी सात-आठ हजार नॅनोमीटर रुंद असते. म्हणजे 100 नॅनोमीटरच्या सत्तर-पंच्याहत्तर पुटिका एका ओळीत ठेवल्या, तर कुठे एका तांबड्या पेशीची रुंदी भरते.

अलीकडे यांतल्याच एका प्रकाराचे नाव, ‘एक्सोसोम’, आपल्याकडे केस आणि त्वचेच्या क्लिनिकांच्या जाहिरातींत दिसू लागले आहे. ‘रक्ताच्या एका थेंबातून कर्करोगाचे निदान’ अशा बातम्यांतही ते येते. त्यामुळे हे कण शोधले कसे, मोजले कसे आणि मोजताना चुका कुठे झाल्या, हे जाणून घेणे आता केवळ शास्त्रज्ञांचे काम राहिलेले नाही.

फिरणारी नळी आणि एक निर्वासित

दूध घुसळले की लोणी वर येते. पाण्यात माती कालवून ठेवली की जड खडे आधी तळाला बसतात आणि बारीक गाळ उशिरा. सेंट्रिफ्यूजचे तत्त्व याहून वेगळे नाही. वेगाने फिरवले की कण बाहेरच्या दिशेला ढकलले जातात. मोठे आणि जड कण लवकर बसतात, लहान कणांना जास्त जोर लागतो. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात थिओडोर स्वेडबर्ग यांनी 1920च्या दशकात अतिवेगवान सेंट्रिफ्यूज तयार केला. 1926 साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्याआधी अतिसूक्ष्म कण असे खाली बसवण्याचे साधनच नव्हते.

चारगाफ यांचे नाव पुढे वेगळ्याच कामासाठी गाजले. डीएनएमध्ये अ‍ॅडेनिन आणि थायमिन समप्रमाणात असतात, ग्वानिन आणि सायटोसिनही समप्रमाणात असतात, हा त्यांचा नियम वॉटसन आणि क्रिक यांच्या शोधाचा एक पाया ठरला. त्यांचे आयुष्य मात्र विस्थापनाचे होते. 1905 साली त्यांचा जन्म चेर्नोवित्समध्ये झाला. ते शहर तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीत होते, आज ते युक्रेनमध्ये आहे. ते बर्लिनमध्ये संशोधन करत असताना 1933 साली हिटलर सत्तेवर आला. ज्यू असल्यामुळे त्यांना जर्मनी सोडावी लागली. ते आधी पॅरिसला गेले आणि मग न्यूयॉर्कला. मागे राहिलेल्या त्यांच्या आईला नाझींनी व्हिएन्नातून हद्दपार केले. ती परत आली नाही.

रक्त गोठण्याच्या त्या प्रयोगामागे असा माणूस होता. ज्या काळात ‘शुद्ध रक्त’ आणि ‘अशुद्ध रक्त’ या शब्दांवर एक राजवट माणसे मारत होती, त्याच काळात तिथून हाकललेला एक संशोधक प्रत्यक्ष रक्तात काय असते ते तपासत होता.

वोल्फ यांची ‘धूळ’

1967 साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ हिमॅटॉलॉजी’मध्ये पीटर वोल्फ यांचा निबंध आला. त्यांनी चारगाफ-वेस्ट यांचा अर्धवट राहिलेला प्रश्न पुढे नेला: हा गाळ नेमका कुणाचा? त्यासाठी त्यांनी तीन साधने एकत्र आणली. अतिवेगवान सेंट्रिफ्यूजने कण खाली बसवले. प्लेटलेट्स ओळखणाऱ्या प्रतिपिंडांच्या साहाय्याने त्या कणांचे मूळ तपासले. आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून ते पाहिले.

सूक्ष्मदर्शकाचा मुद्दा समजून घ्यायला हवा. आपल्या शाळा-कॉलेजातला सूक्ष्मदर्शक प्रकाशावर चालतो. एर्न्स्ट अबे यांनी 1873 साली दाखवून दिले होते की अशा सूक्ष्मदर्शकाला मर्यादा आहे. साधारण 200 नॅनोमीटरपेक्षा जवळ असलेल्या दोन गोष्टी तो वेगळ्या दाखवू शकत नाही. भिंग कितीही चांगले घासा, ही मर्यादा प्रकाशाच्या तरंगलांबीतच आहे. 1931 साली बर्लिनमध्ये मॅक्स नॉल आणि अर्न्स्ट रुस्का यांनी प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉन वापरणारा सूक्ष्मदर्शक बनवला आणि त्यातून पुढे ही अडचण सुटली.

वोल्फ यांचा निष्कर्ष असा होता की निरोगी माणसाच्या प्लाझ्मात प्लेटलेट्सपासून सुटलेले बारीक कण असतात, त्यांत स्निग्ध पदार्थ, म्हणजे फॉस्फोलिपिड, भरपूर असतात आणि ते रक्त गोठायला मदत करतात. या कणांना त्यांनी नाव दिले ‘प्लेटलेट-डस्ट’. प्लेटलेट्सची धूळ.

मी उर्दू आणि मराठी अशा दोन्ही भाषा शिकवतो, म्हणून या नावापाशी थोडा थांबतो. उर्दूत धुळीला ‘गर्द’ म्हणतात. मराठीत तोच शब्द आला आणि दाट झाडीला किंवा नशेच्या पुडीला चिकटला. उर्दूत कणाला ‘ज़र्रा’ म्हणतात. त्याच घराण्यातला मराठी शब्द म्हणजे आपला रोजचा ‘जरा’. आपण ‘जरा थांब’ म्हणतो तेव्हा एका कणाएवढाच वेळ मागत असतो. नाव दिले की वस्तूकडे पाहण्याची नजर ठरते. ‘धूळ’ म्हटले की ती झटकायची असते. या कणांना ‘ज़र्रा’ म्हटले असते, तर कदाचित लोकांनी ते चिमटीत धरून पाहिले असते. पण नाव पडले धूळ. पुढे बराच काळ या कणांकडे पेशी तुटताना पडणारा कचरा म्हणूनच पाहिले गेले.

ही धूळ रक्त गोठवते कशी, हेही हळूहळू कळले. पेशीचा पडदा दुहेरी असतो. फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचा स्निग्ध पदार्थ सहसा पडद्याच्या आतल्या थरात ठेवलेला असतो. पुटिका सुटताना बऱ्याचदा तो बाहेरच्या बाजूला येतो आणि गोठण्याच्या क्रियेतली प्रथिने त्याच्यावर येऊन बसतात. जखम झाल्यावर हे उपकारक असते. नको त्या जागी झाले, तर जीवघेणे.

तांबड्या पेशी आणि विदर्भापर्यंत येणारा धागा

1970च्या दशकात तांबड्या पेशींवरही असेच काम सुरू झाले. 1976 साली डेव्हिड अ‍ॅलन, रॉबर्ट मिशेल आणि सहकाऱ्यांनी दाखवले की तांबड्या पेशीच्या आत कॅल्शियम वाढवले की ती आपल्या पडद्याच्या लहान पिशव्या बाहेर सोडते. 1977 साली आणखी दोन गोष्टी समोर आल्या. पेशीची ऊर्जा संपत आली की ती पुटिका सोडते. आणि रक्तपेढीत साठवलेल्या रक्तातही अशा पुटिका जमत जातात. पिशवीतले रक्त वरून तसेच दिसते, पण आत पेशी कण-कण झिजत असतात.

1982 साली अ‍ॅलन यांच्या गटाने ‘नेचर’मध्ये सिकलसेलविषयी एक निबंध लिहिला. सिकलसेलच्या रुग्णात प्राणवायू कमी पडला की तांबडी पेशी कोयत्यासारखी वाकते आणि तिला टोके फुटतात. प्राणवायू परत मिळाला की ती पुन्हा गोल होते, पण त्या वेळी टोकांचे तुकडे गळून पडतात. पेशीला आतून आधार देणारे स्पेक्ट्रिन नावाचे प्रथिन या तुकड्यांत नसते. प्रत्येक वाकण्या-सरळ होण्यात पेशी थोडा पडदा गमावते आणि रक्तात पुटिकांची भर पडते.

हे वाचताना गडचिरोली, नंदुरबार आणि विदर्भातली खेडी आठवल्याशिवाय राहत नाहीत. महाराष्ट्रात सिकलसेलचा भार प्रामुख्याने आदिवासी आणि काही दलित समाजांवर आहे. या रुग्णांना होणाऱ्या असह्य वेदना, गुठळ्या आणि थकवा यांच्या मुळाशी अनेक कारणे आहेत. रक्तात वाढलेल्या पुटिकांचा त्यात वाटा किती, हा प्रश्न आजही संशोधनाचा आहे. त्याचे उत्तर चांगल्या मोजमापावर अवलंबून आहे, आणि मोजमापाची गोष्ट पुढे येणारच आहे.

मेंढीचे रक्त

या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे वळण 1983 साली आले. कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात, मॅकगिल विद्यापीठात, रोझ जॉनस्टोन यांना एक साधा प्रश्न पडला होता. कोवळी तांबडी पेशी, म्हणजे रेटिक्युलोसाइट, रक्तातून लोह आत घेते. त्यासाठी तिच्या पडद्यावर ट्रान्सफेरिन नावाच्या प्रथिनाचे ‘दरवाजे’ असतात. पेशी प्रौढ झाली की लोहाची गरज संपते आणि हे दरवाजे नाहीसे होतात. ते जातात कुठे? पेशी आतल्या आत त्यांचा नाश करत असावी, असे मानले जात होते.

जॉनस्टोन आणि त्यांचे विद्यार्थी बिन-ताओ पॅन यांनी मेंढ्यांचे रक्त वापरले. मेंढीचे थोडे रक्त काढले की तिचे शरीर घाईने नव्या पेशी बनवते. त्यामुळे कोवळ्या पेशी भरपूर मिळतात. या पेशी त्यांनी प्रयोगशाळेत पोषक द्रवात वाढू दिल्या. मग पेशी बाजूला काढून उरलेला द्रव गुरुत्वाकर्षणाच्या 1,00,000 पट जोराने फिरवला. या जोराखाली एक ग्रॅमची वस्तू एका क्विंटलसारखी दाबली जाते. तळाशी जो गाळ बसला, त्यात हरवलेले दरवाजे सापडले. पेशीने ते मोडून टाकले नव्हते. लहान पिशव्यांत भरून घराबाहेर पाठवले होते.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये फिलिप स्टाल यांच्या गटाने उंदराच्या कोवळ्या पेशींवर काम करून तेच दाखवले. त्यांनी ट्रान्सफेरिनला सोन्याचे सूक्ष्म कण चिकटवले होते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात सोने काळ्या ठिपक्यांसारखे उठून दिसते. ठिपक्यांचा माग काढत गेल्यावर दिसले की पेशीच्या आत एक मोठी पिशवी असते, तिच्यात अनेक लहान पिशव्या असतात, आणि मोठी पिशवी पेशीच्या कडेला येऊन आपले तोंड बाहेर उघडते. दोन शहरे, दोन पद्धती आणि निष्कर्ष एकच. त्यामुळे शोध भक्कम झाला.

1987 साली जॉनस्टोन यांनी या पिशव्यांसाठी ‘एक्सोसोम’ हे नाव वापरले. हा शब्द काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका संशोधकाने जरा वेगळ्या अर्थाने वापरला होता. पण रूढ झाला तो जॉनस्टोन यांचा अर्थ. जॉनस्टोनही पोलंडमधल्या लोद्झ शहरात जन्मलेल्या होत्या आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काही वर्षे आधी, लहानपणीच, कुटुंबासह कॅनडात आल्या होत्या. ज्या शहरातून त्या निघाल्या, तिथे पुढे नाझींनी ज्यूंची मोठी वस्ती कोंडून ठेवली आणि त्यांतल्या बहुसंख्य माणसांचा नाश केला. या विषयाच्या पायाभरणीत दोन मोठी नावे युरोपातून वेळेवर बाहेर पडू शकलेल्या माणसांची आहेत. जी बाहेर पडू शकली नाहीत, त्यांच्या हातून काय घडले असते, याचा हिशेब कुठल्याच निबंधात नसतो.

तरीही ‘कचरा’ ही समजूत लगेच गेली नाही. पेशीला नको असलेली वस्तू ती बाहेर टाकते, एवढाच अर्थ लावला गेला. 1996 साली ग्रासा रापोसो आणि सहकाऱ्यांनी दाखवले की बी-लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींनी सोडलेल्या पुटिका टी-पेशींना जागे करू शकतात. 2007 साली स्वीडनच्या योटेबोरी शहरातल्या यान ल्योट्वाल यांच्या गटाला अशा पुटिकांत आरएनए सापडला आणि तो दुसऱ्या पेशीत जाऊन कामही करू शकतो असे दिसले. 2013 साली तर मलेरियाच्या परजीवीने ग्रासलेल्या तांबड्या पेशीही पुटिकांमार्फत एकमेकींना निरोप पाठवतात, असे समोर आले. कचऱ्याची गाडी आता टपालगाडी ठरली होती.

मोजणीचा गोंधळ

इथून पुढे संशोधकांची गर्दी झाली आणि गोंधळही सुरू झाला. रक्तात या पुटिका किती असतात, या साध्या प्रश्नाला वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी दिलेल्या उत्तरांत हजारो पटींचा फरक होता. सगळे खोटे बोलत नव्हते. त्यांची साधने वेगवेगळी होती आणि प्रत्येक साधनाची स्वतःची आंधळी बाजू होती.

फ्लो सायटोमीटर या यंत्रात पेशी एकेक करून लेसरच्या झोतासमोरून जातात. त्यांच्यावरून विखुरलेला प्रकाश आणि त्यांना चिकटवलेल्या रंगीत प्रतिपिंडांची चमक यंत्र टिपते. प्लेटलेटच्या पुटिकेवर सीडी41 ही खूण असते, तांबड्या पेशीच्या पुटिकेवर ग्लायकोफोरिन-ए, पांढऱ्या पेशीच्या पुटिकेवर सीडी45. पद्धत सुंदर आहे, पण यंत्र पेशींसाठी बनलेले. कण प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा बराच लहान असला की विखुरणारा प्रकाश त्याच्या व्यासाच्या सहाव्या घाताने घटतो. व्यास निम्मा झाला की प्रकाश चौसष्ट पटींनी कमी. त्यामुळे जुन्या यंत्रांना फक्त मोठ्या पुटिका दिसत. ज्या दिसत नव्हत्या, त्या नाहीतच असे धरले जाई.

त्यातही एक गंमत होती. यंत्राची मापे ठरवण्यासाठी प्लास्टिकचे गोल मणी वापरत. प्लास्टिक प्रकाश जास्त विखुरते, पुटिका कमी. त्यामुळे 500 नॅनोमीटरच्या मण्याइतकी चमकणारी पुटिका प्रत्यक्षात त्याहून बरीच मोठी असे. 2012 साली अ‍ॅम्स्टरडॅमच्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट उघड केली. लेसरच्या झोतात अनेक लहान पुटिका एकाच वेळी असतात आणि यंत्र त्या सगळ्यांची मिळून एक पुटिका मोजते. यात्रेतल्या गर्दीचा फोटो लांबून काढला की दहा डोकी मिळून एक ठिपका दिसावा, तसे.

दुसरी पद्धत कणांच्या थरथरीवर चालते. द्रवातला कण जितका लहान, तितका तो जास्त भटकतो. आइन्स्टाइन यांनी 1905 साली या हालचालीचे गणित मांडले. कॅमेऱ्याने प्रत्येक कणाची वाट टिपली की त्याचा आकार काढता येतो. पण प्लाझ्मात स्निग्ध पदार्थ वाहून नेणारे लिपोप्रोटीनचे कण पुटिकांपेक्षा कितीतरी जास्त असतात. तेही थरथरतात. यंत्राला दोघांतला फरक कळत नाही. जेवणानंतर रक्त घेतले, तर हे कण आणखी वाढतात.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानेही एकदा सगळ्यांना चकवले. सुरुवातीच्या चित्रांत एक्सोसोम वाटीसारखे खोलगट दिसत आणि ‘वाटीसारखा आकार’ ही त्यांची खूणच मानली गेली. नंतर नमुना क्षणात गोठवून पाहण्याची क्रायो पद्धत आली, तेव्हा दिसले की पुटिका गोलच आहेत. वाटी ही नमुना सुकवताना पडलेली खोच होती.

मूळ ओळखण्यातही फसगत झाली. सीडी41 दिसली की पुटिका प्लेटलेटची, असे धरले जात होते. 2009 साली रॉबर्ट फ्लॉमेनहाफ्ट आणि सहकाऱ्यांनी दाखवले की अशा पुटिका अस्थिमज्जेतल्या मेगाकॅरिओसाइट या पेशीही सोडतात. प्लेटलेट्स याच पेशींपासून जन्मतात. लेकीचे म्हणून मोजलेले बरेचसे आईचे निघाले.

यंत्राच्या आधी सुई

सर्वांत मोठा धडा मात्र महागड्या यंत्राचा नव्हता. प्लेटलेट्स फार हळव्या असतात. बारीक सुईतून जोराने रक्त ओढले, नळी हलवली, रक्त बराच वेळ तसेच ठेवले, तर त्या चिडतात आणि नळीतच पुटिका सोडू लागतात. मग यंत्र जे मोजते ते रुग्णाच्या शरीरातले नसते, आपल्या निष्काळजीपणाचे असते. प्लेटलेट्स नीट न काढता प्लाझ्मा गोठवला, तर वितळवताना त्या फुटतात आणि पुन्हा तेच.

म्हणून आता नियम ठरले आहेत. सहसा सायट्रेट घातलेल्या नळीत रक्त घ्यायचे. नळी उभी ठेवायची, हिंदकळू द्यायची नाही. लवकरात लवकर 2,500 पट जोराने पंधरा मिनिटे फिरवायचे, वरचा द्रव काढून पुन्हा तसेच फिरवायचे. मगच गोठवायचे. एखाद्या दुर्गम पाड्यावरच्या शिबिरात घेतलेला सिकलसेलचा नमुना खड्ड्यांच्या रस्त्याने तासन्‌तास हिंदकळत शहरात आला, तर त्या अहवालातल्या पुटिका आजाराच्या किती आणि रस्त्याच्या किती, हे कुणालाच सांगता येणार नाही. या संशोधनाचा फायदा दुर्गम भागातल्या रुग्णाला मिळायचा असेल, तर सेंट्रिफ्यूज त्याच्या जवळ न्यावा लागेल.

2014 साली या क्षेत्राच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने किमान निकषांची पहिली यादी प्रसिद्ध केली. 2018 आणि 2023 साली ती सुधारली गेली. एकाच पद्धतीवर विसंबू नका. पुटिकांच्या खुणा दाखवा, तशाच लिपोप्रोटीनसारख्या भेसळीच्या खुणाही तपासा. नमुना कसा घेतला, किती वेगाने फिरवला, ते लिहा. आणि कण पेशीच्या नेमक्या कुठल्या भागातून आला हे सिद्ध करता येत नसेल, तर त्याला ‘एक्सोसोम’ न म्हणता ‘बाह्यपेशीय पुटिका’ असे साधे नाव द्या.

धूळ, सूक्ष्मकण, एक्सोसोम, पुटिका असा हा नावांचा प्रवास आहे. शास्त्रज्ञ चाळीस वर्षांच्या अनुभवानंतर भारदस्त नाव जपून वापरू लागले आणि नेमके त्याच वेळी बाजाराने ते उचलले. डिसेंबर 2019मध्ये अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने लोकांना जाहीर इशारा दिला. नेब्रास्का राज्यात एक्सोसोमच्या नावाने विकलेल्या, मंजुरी नसलेल्या उत्पादनांमुळे रुग्णांना गंभीर त्रास झाला होता.

म्हणून कुणी या नावाने इंजेक्शन किंवा तपासणी देऊ केली, तर तीन प्रश्न विचारावेत. हे कण कुठल्या पेशीचे आहेत? ते कसे वेगळे केले आणि कसे मोजले? याला कुठल्या सरकारी यंत्रणेची मंजुरी आहे? चारगाफपासून जॉनस्टोनपर्यंत सगळ्यांनी यांतले पहिले दोन प्रश्न स्वतःला विचारले आणि एकेका उत्तरासाठी वर्षे घालवली. समोरच्याकडे त्यांचे उत्तर नसेल, तर उठून घरी यावे. पैसे तर वाचतीलच, कदाचित तब्येतही.